दोन बोटं की चार

टक्.

रविवारची दुपार. लेक नुकतीच झोपली होती आणि नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, तिच्या मुठीत होती. ही तिची झोपायची पद्धत. उशी नको, गोष्ट नको, गाणं तर नकोच, कारण माझा आवाज तिने ऐकलेला आहे. दोन बोटं दिली की काम झालं. तिचं. मग मी उरलेल्या आठ बोटांनी जगायचं. आठवड्यातली पहिली शांतता घरात उतरली होती, मी भिंतीला टेकून डोळे मिटणार होते, आणि हॉलमधून पुन्हा आवाज आला. टक्.

"बाबा," मी दबक्या आवाजात म्हटलं, "ती उठेल."

"मी सोडून बघत होतो फक्त," सासरे तितक्याच दबक्या आवाजात म्हणाले. "स्प्रिंग कडक बसली आहे. पण चालेल. तुला सवय होईल."

हॉलमध्ये आमचं इस्त्रीचं टेबल आहे. त्याच्या कडेला मोटरसायकलच्या हँडलचा एक तुकडा पट्ट्यांनी आवळून बसवलेला होता, त्यावर रबरी मूठ, आणि मुठीसमोर क्लचचा दांडा. दांडा दाबला की दाराची एक जुनी स्प्रिंग ताणली जायची आणि सोडला की टक्. पाहुणे आले की आधी टेबलाकडे बघत, मग माझ्याकडे, आणि मग विषय बदलत. इस्त्री आम्ही जमिनीवर करत होतो.

हे कसं झालं ते सांगते. नवऱ्याची बदली झाली. वर्षभरासाठी, लांबच्या कारखान्यात, आणि जाताना तो सगळं घेऊन गेला, फक्त मी, लेक, बाबा आणि मोटरसायकल एवढं मागे राहिलं. लेकीची शाळा सुरू व्हायची होती. शाळा गावाच्या एका टोकाला, मी जिथे काम करते तो दातांचा दवाखाना दुसऱ्या टोकाला, आणि शाळेची गाडी आमच्या गल्लीत येत नाही, कारण गल्ली खणलेली आहे. कशासाठी खणली हे खणणाऱ्यांनाही आता आठवत नसावं. मोटरसायकल विकून स्कूटर घ्या, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू बाबांना विकून लहान सासरे आणू या म्हटलं होतं.

राहता राहिल्या मोठ्या ताई. म्हणजे माझ्या नणंदबाई.

"अगं, वर्षभर इकडे पाठव तिला," त्या फोनवर म्हणाल्या. "माझ्या घरासमोरच शाळा आहे. गॅलरीतून वर्ग दिसतो. तू किती दमतेस."

त्या वाईट असत्या तर फार बरं झालं असतं. सून म्हणून मला एक हक्काचं भांडण मिळालं असतं. पण ताई मुळात चांगल्या, त्यातून बरोबर, आणि वर प्रेमाने बोलणाऱ्या. अशा माणसापुढे कुणाचं काय चालणार?

"ती झोपताना बोटं धरते," मी म्हटलं. हे कारण म्हणून फार दुबळं वाटलं, पण तोंडातून तेवढंच निघालं.

"मी देईन की माझी," ताई म्हणाल्या.

त्या रात्री मी नवऱ्याला फोनवर सांगून टाकलं, मी मोटरसायकल शिकते. शाळा उघडायच्या आत लायसन्स हातात आलं तर लेक इथे राहील. नाही आलं तर जाईल. तो म्हणाला, "दोन बोटं."

"काय?"

"क्लचवर दोन बोटं ठेवायची. ब्रेकवर दोन. बाकीची मुठीवर. एवढं जमलं की सगळं जमलं."

सुट्टीत आला तेव्हा त्याने मला एका संध्याकाळी शिकवलं. दोन बोटांनी दांडा ओढायचा. आता माझा हात आहे लहान. दोन बोटांनी दांडा ओढला की तो उरलेल्या दोन बोटांवर येऊन आदळायचा आणि तिथेच अडायचा. माझ्या मते क्लच पूर्ण दाबलेला होता. मोटरसायकलच्या मते नव्हता. ती आपली हळूहळू पुढे निघाली. मी आणखी जोरात दाबलं, म्हणजे स्वतःचीच करंगळी आणखी जोरात चेमटली, आणि आम्ही तिघे, मी, करंगळी आणि मोटरसायकल, समोरच्या काकूंच्या कुंड्यांत शिरलो.

काकू बाहेर आल्या. कुंड्यांकडे पाहिलं. माझ्या हाताकडे पाहिलं.

"दोन बोटांनी धरलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तरीच." आणि त्या आत गेल्या. काकूंनी आयुष्यात सायकलही चालवलेली नाही.

त्या दिवसापासून मला कळलं की क्लचवर किती बोटं ठेवावीत याबद्दल प्रत्येक माणसाचं जन्मजात मत असतं. वरच्या मजल्यावर 'कर्नल' राहतात. ते सैन्यात कधीच नव्हते, विम्याच्या कचेरीत होते, पण मिशा तशा आहेत. ते जिन्यात थांबवून म्हणाले, "तीन. नेहमी तीन. दोन म्हणजे बेफिकिरी, चार म्हणजे भित्रेपणा." दवाखान्यात आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पकड मुठीत नसते गं, बोटांच्या टोकांत असते. मी दाढ काढतानासुद्धा घट्ट धरत नाही." खुर्चीत ज्यांची दाढ निघायची होती ते गृहस्थ आ वासून पडले होते, तोंडात नळी सूं सूं करत होती. त्यांना बोलता येईना, पण राहवेनाही. त्यांनी छातीवरच्या कापडाखालून हात बाहेर काढला आणि मला चार बोटं दाखवली. मला वाटलं दुखतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही, ते मत देतायत."

गॅरेजवाल्याने तर माझा हातच उलटासुलटा करून पाहिला, पालेभाजी बघतात तसा. म्हणाला, "ताई, चूक हाताची आहे. पण हात बदलता येत नाही, दांडा बदलतो." आणि त्याने मूळ दांडा काढून तिथे एक आखूड, लालभडक दांडा बसवला. शर्यतीच्या गाड्यांना असतो म्हणे. तो दोन बोटांपुरताच होता, त्यामुळे उरलेली बोटं चेमटायचा प्रश्नच नाही. आमच्या काळ्या, सज्जन मोटरसायकलवर तो असा दिसत होता, की मुख्याध्यापकांनी लिपस्टिक लावावी. पण गाडी थांबू लागली. काढलेला मूळ दांडा त्याने पिशवीत घालून दिला. "टाकू नका," म्हणाला.

टाकला नाहीच. बाबांनी तो इस्त्रीच्या टेबलाला बसवला.

बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते आयुष्यभर टायपिंग शिकवायचे. टाइपरायटर गेले, क्लास बंद झाला, पण बाबांच्या दृष्टीने जगात जे काही हातांनी केलं जातं ते सगळं टायपिंगच. "बोटाला जागा असते," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. कणीक मळतानाही ते मागे येऊन उभे राहतात आणि माझ्या करंगळीकडे बघून उसासा टाकतात. इतके दिवस ते गप्प होते, कारण मुलाने दोन बोटं सांगितली होती. कुंड्या फुटल्यावर त्यांनी सूत्रं हातात घेतली.

"चार बोटं आहेत, चारही कामाला लावायची," ते म्हणाले. "दोन काम करतायत आणि दोन बघत बसलीत, याला ऑफिस म्हणतात."

त्यांनी दांड्यावर चार टिकल्या चिकटवल्या, प्रत्येक बोटाला एक. मग माझ्या हातावर टॉवेल टाकला. टायपिंगच्या क्लासात असंच करतात, मुलींनी कळफलकाकडे बघू नये म्हणून. "बघायचं नाही. बोटांना कळलं पाहिजे." आणि सोडताना एकेक बोट उचलायचं. आधी करंगळी, मग अनामिका, मग मधलं, मग शेवटचं. लयीत. संध्याकाळी कामावरून यायचं, पर्स ठेवायची आणि इस्त्रीच्या टेबलासमोर टॉवेलखाली हात घालून उभं राहायचं. बाबा खुर्चीत बसून पेन्सिलीने ताल धरायचे. मला वाटे, रस्त्यावरून कुणी खिडकीतून पाहिलं तर कुठल्या आजारावर हा उपचार आहे असं त्यांना वाटत असेल?

लेकीला मात्र हा खेळ फार आवडला. ती गाडी झाली. मी दांडा दाबला की ती जागच्या जागी उभी राहून घुर्रर्र करायची. मी हळूहळू सोडला की हॉलभर चालू लागायची, सोफ्याला वळसा, बाबांच्या खुर्चीला वळसा. आणि मी एकदम सोडला, टक् झालं, की ती अंगात जीव नसल्यासारखी धप्पकन गादीवर पडायची.

"बंद पडली," बाबा सांगायचे.

"आई, हळू सोड ना," ती पडल्या पडल्या म्हणायची. "तू एकदम सोडतेस म्हणून मी बंद पडते."

त्या आठवड्यात ती पुष्कळ वेळा बंद पडली. मग कमी. मग एका संध्याकाळी ती पडलीच नाही, सोफा, खुर्ची, स्वयंपाकघर करून परत आली, आणि बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. स्वर्ग दोन बोटं उरला, असं मला वाटलं. पण लायसन्सच्या ऑफिसात त्याच दोन बोटांवरून घोडं अडायचं होतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं.

परीक्षेच्या मैदानावर दोन साहेब असतात. एक कायम उभे असतात, एक कायम बसलेले. पहिल्या दिवशी उभे साहेब होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, लाल दांड्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"क्लच."

"ते दिसतंय. कंपनीचा आहे?"

"नाही, गॅरेजवाल्याने..."

"गाडीत फेरफार. मूळ भाग लावून आणा." आणि पुढचा नंबर पुकारला. मी इंजिन चालूसुद्धा केलं नव्हतं. न चालवता नापास होणं मला अपमानाचं वाटलं. चालवून झाले असते तर निदान काही कमावून गेल्यासारखं वाटलं असतं.

मूळ भाग इस्त्रीच्या टेबलाला होता. आणि बाबा कुठलंच काम अर्धवट करत नाहीत. पट्ट्यांवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी खालून असा काही चिकट मसाला भरला होता की पाना लागेना आणि हातोडी मारली तर टेबल मोडेल. शेवटी टेबल उचलून गॅरेजमध्ये न्यावं लागलं. पुढून मी, मागून बाबा, बाजूने लेक घुर्रर्र करत. खणलेली गल्ली ओलांडताना कर्नलसाहेब समोरून आले.

"इस्त्रीला निघालात?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले, "क्लच काढायला."

कर्नलांनी मान हलवली. "तीन बोटं," ते माझ्याकडे बघून म्हणाले आणि पुढे गेले.

दांडा निघाला, गाडीला लागला. त्यावरच्या टिकल्या निघाल्या नाहीत, पण त्या फेरफारात मोडत नाहीत अशी आशा. दुसऱ्या वेळी बसलेले साहेब होते. मी गाडी सुरू केली, चारही बोटं दांड्यावर ठेवली आणि बाबांनी शिकवल्याप्रमाणे एकेक उचलू लागले. करंगळी. अनामिका. मधलं.

"थांबा, थांबा," साहेब खुर्चीतून म्हणाले. "पेटी वाजवताय का?"

मैदानावर रांगेतले सगळे हसले.

"आणि ब्रेकवर चार बोटं? चारही ब्रेकवर गेली तर वेग कोण सांभाळणार? दोन ठेवायची. दोन. पुढच्या वेळी या."

मी खिडकीवर गेले. खिडकीतल्या बाईंना विचारलं की नियम नक्की काय आहे, दोन की चार? त्या म्हणाल्या, ते साहेब सांगतील. मी म्हटलं, साहेबांनीच दोन सांगितली. त्या म्हणाल्या, मग दोन. मागून एक जण म्हणाला, मला उभ्या साहेबांनी दोन ठेवली म्हणूनच नापास केलंय, ते म्हणाले संपूर्ण हात लागला पाहिजे. बाई म्हणाल्या, मग चार. मी विचारलं, पुढच्या वेळी कोण असतील? त्या म्हणाल्या, ज्यांची ड्युटी असेल ते. या बोटाची थुंकी त्या बोटावर कशी करतात ते मी लहानपणी पुस्तकात वाचलं होतं. इथे तर बोटंही त्यांचीच होती.

पुढची तारीख मिळाली ती शाळा उघडायच्या आदल्या दिवशीची. त्याच्यानंतर तारीखच नव्हती.

घरी आले तर ताईंनी छोटी बॅग पाठवली होती. लेकीच्या मापाची, पाठीवर अडकवायची, पुढे सशाचं तोंड. सोबत निरोप, "इकडे आली तरी लागेल, तिकडे राहिली तरी लागेल." लेक ती बॅग घालून घरभर फिरली. नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. मी त्याला म्हटलं की आता माझ्याच्याने होत नाही. तो काहीतरी समजावत होता, हात पुढे करून, आणि नेटवर्क गेलं. पडद्यावर तो दोन बोटं वर करून गोठला. कुठल्यातरी साधूसारखा. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग ताईंना फोन लावला आणि त्यांनी उचलायच्या आत ठेवून दिला. सांगायचं काय होतं ते मलाही ठरवता येत नव्हतं. अंगात त्राणच उरलं नव्हतं, आणि त्राण नसलेल्या माणसाने निर्णय घेऊ नयेत, निदान भांडी घासून होईपर्यंत तरी.

शेवटच्या दिवशी मैदानावर मी, बाबा आणि पाठीवर ससा घेतलेली लेक. आणि दोन्ही साहेब. उभे साहेब उभे, बसलेले साहेब बसलेले, एकाच छत्रीखाली.

माझा नंबर आला. मी गाडी सुरू केली, क्लच दाबून धरला आणि म्हटलं, "साहेब, एक विचारू का? बोटं किती ठेवू?"

"चार," उभे साहेब म्हणाले.

"दोन," बसलेले साहेब म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं एकाच मैदानावर नोकरी करून त्यांना हे आजच कळत होतं.

"चार कशाला?" बसलेल्या साहेबांनी विचारलं.

"पकड नको? घसरला म्हणजे?"

"आणि वेग कोण सांभाळणार? तुमचे तीर्थरूप?"

"तीर्थरूपांपर्यंत जाऊ नका. मी इथे तुमच्या आधीपासून आहे."

"उभे आहात. आधीपासून असणं वेगळं."

मी क्लच दाबूनच होते. बोटांना आधी कळ लागली, मग मुंग्या आल्या, मग ती आहेत की नाहीत तेच समजेना. रांगेतून आवाज येऊ लागले, दोन, चार, एक जण तीन म्हणाला, तो बहुधा कर्नलांचा नातेवाईक असावा. दोरीपलीकडे बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःच्या हातावर टाकला.

लेक ओरडली नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आई, घुर्रर्र झालंय. आता सोड. हळू."

मी सोडला. कसा, ते मला माहीत नाही. मी सोफ्याला वळसा घातला, खुर्चीला वळसा घातला, म्हणजे मैदानावर रंगवलेल्या खांबांना, आठाचा आकडा पुरा केला, पाय टेकला नाही, आणि त्याच जागी परत येऊन उभी राहिले. गाडी बंद पडली नाही. साहेबांचं भांडण मात्र पेन्शनपर्यंत पोचलं होतं. मी आल्यावर ते थांबलं.

"झालं?" बसलेल्या साहेबांनी विचारलं.

"झालं."

"पाहिलंत?" ते उभ्या साहेबांना म्हणाले. "दोन बोटं होती. किती सफाईने वळल्या."

"चार होती. मी उभा आहे, मला दिसतं."

मग दोघेही माझ्याकडे वळले. "मॅडम, किती होती?"

खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला दिसली तेवढीच." त्यावर दोघांचंही समाधान झालं आणि दोघांनीही मला पास केलं, एकमेकांना खोटं पाडण्यासाठी. मला ते चाललं. वयाच्या या टप्प्यावर माणूस कारणं बघत नाही, शिक्का बघतो.

घरी जाताना बाबा म्हणाले, "चारच होती." मी म्हटलं, "हो, बाबा." रात्री नवऱ्याला सांगितलं, दोनच होती. काकूंना काही सांगितलं नाही, कुंडी मात्र नवीन आणली. ताईंना फोन केला. त्या क्षणभर गप्प झाल्या, आणि मला कळलं की त्यांनी खोली लावून ठेवली होती. मग म्हणाल्या, "बरं झालं गं. हळू चालव."

सकाळी आम्ही निघालो. लेक माझ्या पाठीला पट्ट्याने बांधलेली, तिच्या पाठीला ससा बांधलेला, आणि वाटेतल्या प्रत्येक वळणावर मागून सूचना, दाब, हळू, सोड. शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवली. फाटकात सगळीकडे रडारड चालली होती, मुलांची आणि काही आयांची. एका बाईंनी येऊन आमच्याकडे हसून हात पुढे केला, पण लेकीने तो पाहिला नाही. तिने माझ्या डाव्या हाताची दोन बोटं धरली होती, झोपताना धरते तशी. झोप मात्र कुठे दिसत नव्हती. आम्ही तशाच उभ्या राहिलो. घंटा झाली. रडणारी मुलं आत गेली, दवाखाना उघडायची वेळ झाली, फाटकवाला आमच्याकडे बघून घड्याळाकडे बघू लागला.

"आई," ती म्हणाली, "हळू सोड हं. नाहीतर मी बंद पडेन."

"हो."

ती थोडा वेळ आमच्या हातांकडे बघत राहिली. मग तोंड वर करून तिने विचारलं,

"पण आधी कोणी सोडायचं?"